पिवळा, पिवळा, मळकट, पिवळा

बिरसीच्या धावपट्टीपासून आमचं शेत फार लांब नाही. विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर आमच्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालत. त्या आवाजातच मी वाढलो. मोठेपणी काय व्हायचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही आणि बाबांनाही पडला नाही. रोवणीला आलेल्या बायांना ते वर बोट दाखवून सांगत, पुढं हा त्यात बसणार. बाया हसत. मला मात्र ती ठरलेलीच गोष्ट वाटे.

बाबांचं माझ्याशी वाजे ते फक्त मिरच्यांवरून. लाल तेवढ्या तोडून आण म्हणाले की मी टोपलीत निम्म्या हिरव्या आणी आणि पिकलेल्या तशाच झाडावर ठेवी. याचं सगळं लक्ष विमानात, असं म्हणून ते मला चारचौघांत कामचुकार ठरवत. मलाही ते खरंच वाटे. आपण आळशी आहोत, हे मी मुकाट्यानं मान्य करून टाकलं होतं.

अकरावीत जीवशास्त्राच्या बाईंनी पानातले रंग वेगळे करायला लावले. पालकाची पानं ॲसिटोन घालून खलात वाटली, गाळलेल्या रसाचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर दिला, वाळला की पुन्हा त्यावरच दिला. मग पट्टी द्रावणाच्या बरणीत अशी लटकवली, की ठिपका वर राहील आणि खालचं टोक तेवढं बुडेल. नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास खोलीभर पसरला. द्रावण कागदातून वर चढू लागलं आणि त्याबरोबर रंगही निघाले, कोणी पुढे, कोणी मागे. बाई म्हणाल्या, हिरव्या पानात पिवळे रंग असतातच, हिरव्याच्या गर्दीत आपल्याला दिसत नाहीत एवढंच. मला ते फार आवडलं.

माझ्या जोडीदारानं वरून खाली लिहिलं: नारिंगी, पिवळा, निळसर हिरवा, पोपटी. मी लिहिलं: पिवळा, पिवळा, मळकट, पिवळा. तो म्हणाला, मस्करी करून राहिला का? मी चिडलो. मस्करी तोच करतोय अशी माझी खात्री होती. आवाज वाढले तशा बाई आल्या. आधी त्यांनाही मी वात्रटपणा करतोय असंच वाटलं. मग त्यांनी पट्टी घेऊन मला खिडकीपाशी नेलं, एकेका पट्ट्यावर पेन्सिल टेकवून रंग विचारला, आणि घरी कधी असं काही होतं का, असं हळूच विचारलं. मी हसत हसत मिरच्यांचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. वडिलांना घेऊन गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, म्हणाल्या.

ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. तिचा हिरवा केव्हाच उडाला. आता ती सगळ्यांनाच मला दिसली होती तशी दिसते.

डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं. "बेटा, इसमें कौन सा नंबर है?" पानामागून पान उलटलं, मला ठिपक्यांपलीकडे काही दिसेना. नजर तेज आहे, म्हणाले, पण लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळतात, जन्मापासूनचं आहे, औषध नाही, चष्म्यानंही जाणार नाही. बाबांनी एवढंच विचारलं, की विमान चालवता येईल ना? डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. लाल-हिरवे दिवे ओळखता आल्याशिवाय ते काम मिळत नाही, म्हणाले.

परतताना मी गाडीवर बाबांच्या मागे बसून रडत होतो आणि वाऱ्यामुळे ते त्यांना कळत नसेल, अशी माझी समजूत होती. शेताजवळ त्यांनी गाडी थांबवली. मिरच्यांच्या झाडांकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

"मिरच्याइसाठी लय बोललो तुले," म्हणाले.

तेवढ्यात धावपट्टीकडून एक विमान उठलं आणि नेहमीसारखं आमच्या डोक्यावरून वळलं. एरवी बाबा लगेच बोट दाखवत. त्या दिवशी त्यांनी हात वर केला नाही. विमान अगदी माथ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्याचा रंग कसा दिसते तुले?"

"पांढरा."

"मलेई पांढराच दिसते," बाबा म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.