दांडीवरचा शर्ट

पौषातल्या उन्हात वाळलेल्या सुती कपड्याला एक वास असतो. थोडा साबणाचा, थोडा खाऱ्या वाऱ्याचा, आणि कुंपणापलीकडच्या आंब्याने नुकताच मोहर धरलेला असला तर त्याचाही. आमच्या पडवीच्या दांडीवर दर गुरुवारी वाळणाऱ्या निळ्या रेघांच्या शर्टाला तो वास येई, आणि माझी आठ वर्षांची शालू त्याची बाही नाकाशी धरून म्हणे, "आये, बाबांचो वास येता."

मी तिला तसंच समजू देई. तिचे बाबा गोव्याला कामाला गेले ते तिकडेच दुसरा संसार मांडून राहिले. जाताना त्यांनी स्वतःचा रुमालसुद्धा मागे ठेवला नव्हता. शर्ट मी आठवड्याच्या बाजारातून आणला होता. शेजारच्या काकींनी बजावलं होतं, "एकट्या बायलमाणसाच्या पडवीत पुरुषाचो कपडो दिसाक होयो गो." आमच्या वाडीत दोन घरांमध्ये माडांचं अख्खं आगर पसरलेलं; संध्याकाळी वाटेवरची पावलं कधी कधी आमच्या दाराशी रेंगाळत, आणि रात्रंदिवस दांडीवर असलेला शर्ट दिसला की पुढे जात. त्या निर्जीव कापडाने आम्हा दोघींची जी राखण केली ती जिवंत माणसाने केली नाही, हे मी आजही रागानेच लिहिते आहे.

मग तोच शर्ट आमच्यावर उलटला. रत्नागिरीतून आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. निराधार बायकांना मिळणारं सरकारी अनुदान मला मिळे, आणि त्या मनीऑर्डरीवर आमची चूल पेटे. चौकशीला आलेल्या तलाठ्याने दांडीकडे पाहिलं आणि 'घरात पुरुष राहत असल्याचे दिसते' असा अहवाल दिला. मनीऑर्डर थांबली. तीन महिने पेजेवर आणि काकींच्या मायेवर काढल्यावर मी शर्ट पिशवीत घातला, शालूला एकटं ठेवता येईना म्हणून बरोबर घेतलं, आणि एसटीने तालुक्याची कचेरी गाठली.

तिथल्या एका वयस्क कारकुनाने फाईल चाळली, मी टेबलावर ठेवलेल्या शर्टाकडे पाहिलं. "बाई, नवऱ्याने टाकलं म्हणता, आणि त्याचा शर्ट दर आठवड्याला धुता?"

शालू माझा पदर धरून उभी होती. 'त्यांचाच आहे, आठवण म्हणून ठेवलाय' असं म्हणाले असते तर तिचे बाबा तिच्यापुरते वाचले असते. पण घरातलं तांदळाचं रिकामं मडकं माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

"त्यांचा नाही तो," मी म्हणाले. "मी बाजारातून आणला. आजवर कुणाच्या अंगावर चढलेला नाही."

त्यांनी कॉलर उलटून पाहिली. खांद्यांवरचा रंग उन्हाने उडाला होता, पण कॉलरीला मानेची झीज नव्हती. मग त्यांनी लिहिलं, 'पुरुष राहत नाही. शर्ट संरक्षणार्थ,' आणि लिहिलेलं मला वाचून दाखवलं. "टांगत जा तुम्ही," ते म्हणाले. "पैसे पुढच्या महिन्यापासून येतील."

परतीच्या वाटेवर शालू खिडकीबाहेर बघत होती. काय सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत राहिले आणि आमचा थांबा आला. घरी पोचलो तेव्हा ऊन माडांच्या बुंध्यांवर उतरलं होतं. पिशवी मी कोपऱ्यात ठेवून दिली. तिच्यासमोर तो शर्ट बाहेर काढायची मला लाज वाटत होती. तिनेच तो काढला, झटकला, आणि पाटावर उभी राहून दांडीवर घातला.

"काळोख पडतलो, आये," एवढंच ती म्हणाली.

मनीऑर्डर आली, मडकं भरलं. ते खोटं मी तिच्यासाठी जपलं होतं की स्वतःसाठी, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. त्यानंतर तो शर्ट धुवायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. दर गुरुवारी ती तो पिळायची, बाह्या सरळ करून वाळत घालायची, आणि मी दाराआडून बघत राहायचे. बाही तिने पुन्हा कधी नाकाशी नेली नाही.