वीस पायऱ्या, एक पान

देवावरचा माझा विश्वास उडाला होता, असं मी म्हणणार नाही. मी फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं. घरातल्या माणसाशी अबोला धरावा ना, तसं. सकाळी दिवा लावायचो, उदबत्ती ओवाळायचो, पण मनात एक शब्दही उमटू द्यायचो नाही. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

पिंपरी पेंढारला माझं मोटारी बांधायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्याकडे आणून टाकतात आणि मी जळलेली तार काढून नवी भरून देतो. दिवसभर दुकानात माणसांची ये-जा असते, त्यामुळे तेवढा वेळ बरा जायचा. संध्याकाळी शटर ओढून घरी आलो की मात्र घर अंगावर यायचं. आमची ही गेल्यापासून घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मुलगा आणि सून चाकणला असतात. आवाज हवा म्हणून मी टीव्ही लावून ठेवायचो, पण पडद्याकडे बघायचोच असं नाही. एकदा तर शनिवारी दुपारी दुकान बंद केल्यापासून सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता. सोमवारी बोलायला गेलो तर घसा बसलेला. त्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटली.

पूर्वी मला एकांत फार आवडायचा. पुस्तक घेऊन बसलो की कोणी हाक मारू नये असं वाटायचं. पण तो एकांत कुणाच्या तरी सोबतीतला होता, हे तेव्हा कळलं नाही. आमची ही लोणी गावची. चौथीपर्यंत शिकलेली, वाचायचा कंटाळा, पण ऐकायचा भारी सोस. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सवय लागली. संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापायची आणि मी उंबऱ्याशी बसून मोठ्यानं वाचायचो. पुढे चुलीच्या जागी गॅस आला, तरी रिवाज तोच राहिला. तिची पाठ माझ्याकडे असायची. मी मध्येच थांबलो, पाणी प्यायलो, की मागे न वळता म्हणायची, "मंग?" एवढा एक शब्द. पस्तीस वर्षांत आम्ही अशी किती पुस्तकं वाचली असतील, देव जाणे. मनातल्या मनात वाचायची माझी सवयच मोडली होती.

शेवटचं पुस्तक मी जुन्नरच्या रविवारच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेलं. त्याला कव्हर नाही, पहिली पानं गायब, त्यामुळे नाव नाही नि लिहिणाऱ्याचाही पत्ता नाही. गोष्ट मात्र झकास होती. सासूच्या बोलण्याला कंटाळून एक सून घर सोडून जाते, लांबच्या शहरात एका वसतिगृहात स्वयंपाकाला राहते, आणि इकडे सासू पस्तावते. जन्मात कधी गावाबाहेर न गेलेली ती बाई एकटी सुनेला शोधायला निघते. अर्ध्यावर आलो आणि हिचं पोटाचं दुखणं वाढलं. दवाखान्यातही ते पुस्तक मी पिशवीत घेऊन गेलो होतो. सासू परक्या शहराच्या स्टँडवर उतरली, पावसात पत्त्याचा कागद भिजला, इथपर्यंत वाचलं. ही डोळे मिटून पडलेली. मला वाटलं झोपली. पुस्तक मिटलं तर म्हणाली, "मंग? सासू पोचली का?" मी म्हणालो, "उद्या वाचू. आता पड जरा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गेली.

त्या दिवसापासून मी एक ओळ वाचली नाही. अक्षरं दिसायची, पण त्यांचा अर्थ आत उतरायचा नाही. तिनं मागितलेली शेवटची गोष्ट आपण उद्यावर टाकली, एवढंच डोक्यात फिरत राहायचं. संकष्टीला आम्ही दोघं लेण्याद्रीला जायचो, तेही मी सोडलं. मुलगा दर रविवारी फोनवर म्हणायचा, "आण्णा, या ना इकडं. तिथं एकटे कशाला राहता?" शेवटी यंदाच्या शिमग्याला मी हो म्हणालो. पाडवा झाला की दुकान बंद करून चाकणला जायचं ठरलं. जाण्याआधी एक काम उरलं होतं. ते पुस्तक घरात ठेववत नव्हतं आणि रद्दीत घालवत नव्हतं. म्हटलं, गिरिजात्मजाच्या पायाशी नेऊन ठेवू. तुझं तुला. तू ऐकणारी नेलीस, आता गोष्टही घेऊन टाक.

संकष्टीच्या सकाळी पिशवीत नारळ, गूळ आणि पुस्तक घेऊन पायऱ्या चढायला लागलो. ऊन अजून कोवळं होतं. शंभरेक पायऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात कठड्यावरून एक माकड उतरलं आणि काही कळायच्या आत पिशवी ओढून घेऊन वरच्या दगडावर जाऊन बसलं. मी हातवारे केले, ओरडलो. त्यानं शांतपणे पिशवी उलटी केली, नारळ काखेत मारला, गूळ तोंडात घातला. मग पुस्तक हातात घेऊन हुंगलं आणि दिलं भिरकावून. ते थेट पायरीच्या कडेला बसलेल्या एका म्हातारीच्या पुढ्यात पडलं.

सत्तरीच्या घरातली बाई. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात काठी. तिनं पुस्तक उचललं, पदरानं धूळ पुसली आणि हसत म्हणाली, "खायाचं तेवढं घेतलं बगा त्यानं. तुमचं तुमाला दिलं."

मी तिच्या शेजारी बसलो. तिनं आपणहून सगळं सांगितलं. ही मंडळी धनगर, मेंढ्या घेऊन फिरणारी. मुलगा, सून, नातवंडं वर दर्शनाला गेली होती. तिचे गुडघे इथं आले आणि संपले. डोलीचं विचारलं तर म्हणाली, "नगं बाई. मानसांच्या खांद्यावर एकदाच बसायचं, लई घाई न्हाई मला." आणि स्वतःच खळखळून हसली. मग पुस्तकाकडे बोट करून तिनं विचारलं, "ह्यात काय हाय? देवाचं हाय का?"

"देवाचं नाही, आक्का. गोष्ट आहे."

"कशाची?"

मी थोडक्यात सांगितलं. ती डोळे विस्फारून म्हणाली, "सासू सुनंला हुडकाया गेली? असं कुटं असतंय व्हय! वाचा बरं, बगू. माजी मानसं येस्तवर मी हितंच हाय."

मी पायरीवर नीट सरकून बसलो. पुस्तक उघडलं. दुमडलेलं पान जिथल्या तिथं होतं. पहिली ओळ वाचताना आवाज फुटेना. दोन वर्षांनी मी कुणासाठी तरी वाचत होतो. सासू स्टँडवरच्या बाकावर भिजलेला कागद वाळत घालून बसली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेचं वर्णन करून सांगते आहे, असं ते पान. ते संपलं तसा मी थांबलो.

म्हातारी समोरच्या डोंगराकडे बघत होती. मान न वळवता म्हणाली, "मंग?"

आपल्याकडे सगळेच 'मंग' म्हणतात. त्यात विशेष काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला, आणि का कोण जाणे, त्याच्या मागोमाग हसू आलं. दोन वर्षं छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. मी म्हणालो, "आक्का, पुढचं पान वीस पायऱ्या वर गेल्यावर."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "आसं? पावणं, लई बेरकी हाय तुमी." पण काठी टेकून उठली.

वीस पायऱ्या, एक पान. पुन्हा वीस पायऱ्या, पुन्हा एक पान. ती बसली की मी वाचायचो. सासूला कुणीतरी भलत्याच पत्त्यावर पाठवलं की ती चिडून म्हणायची, "मेल्यानं तिला फसवलं गं!" वर जाणारी दोन-तीन माणसं थांबून ऐकायला लागली. फुलांची टोपली घेतलेली एक बाई तर दोन पानं होईपर्यंत हललीच नाही. पाचव्या टप्प्याला मी दमलो, तर आक्काच म्हणाली, "चला की भाऊ, तिकडं ती बाय उपाशी हिंडती अन् तुमी बसताय!" कोण कुणाला वर चढवत होतं, ते सांगता येणार नाही.

वर पोचलो तेव्हा तिचा मुलगा नुकताच लेण्यातून बाहेर पडत होता. आईला बघून तो जागीच थबकला. "आये! तू हितं वर कशी काय आली?"

"ह्या भाऊंनी गोष्टीनं वढत आनली."

मी आत गेलो. आमचा हा देव पाठमोरा आहे असं सगळे सांगतात. दोन वर्षं मीही तेच घोकत होतो, की यानं पाठ फिरवलीच आहे, मग बोलायचं कुणाशी? त्या दिवशी हात जोडून उभा राहिलो आणि अचानक आठवलं, आमची हीसुद्धा पस्तीस वर्षं पाठमोरीच बसून ऐकत आली होती. एक अक्षर चुकू दिलं नाही तिनं. पाठ फिरवलेला माणूस ऐकत नाही, असं मी कुठल्या हिशेबानं ठरवलं होतं? मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुजाऱ्यांनी काळजीनं विचारलं, "बरं वाटतंय ना?" म्हटलं, "फार दिवसांनी बरं वाटतंय."

पुस्तक मी तिथं ठेवलं नाही. ते आता माझ्या एकट्याचं राहिलं नव्हतं.

खाली उतरताना आक्काचा मुलगा म्हणाला की परवापासून त्यांच्या मेंढ्या पिंपरी पेंढारच्याच एका शिवारात बसणार आहेत. कांदा निघाला की रानात खतासाठी चार-आठ दिवस मेंढ्या बसवायची आमच्याकडे रीतच आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटर काढली. बाभळीखाली त्यांचा मुक्काम होता. घोडी बांधलेली, कोंबड्या मोकळ्या, रिकामी वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी एका बाजूला वाळत पडलेली. पुरुष माणसं मेंढ्या घेऊन गेलेली. आक्का, तिच्या दोन जावा आणि सून माझ्याभोवती बसल्या. सून सासूकडे बघून मिश्कील हसत होती. "वाचा मामा. आमच्या आत्याबाईंना जरा कळू द्या."

पाच दुपारी असं वाचन झालं. आमचा भाग बिबट्याचा, म्हणून दिवस मावळायच्या आत मला घरी पिटाळायची घाई आक्कालाच असायची. पाचव्या दिवशी शेवटचं प्रकरण उरलं. मी वाचायला सुरुवात करणार, तर आक्कानं हात वर करून मला थांबवलं. आमच्या हिची सगळी हकिगत मी आक्काला एव्हाना सांगितली होती.

"आजच्याला ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्यो शेवट तुमच्या मालकिनीनं इचारला व्हता ना? मंग पयला तिला वाचा. आमाला सकाळी."

घरी आलो. दिवेलागण होत होती. टीव्ही लावला नाही. पिठलं टाकलं, एक भाकरी केली, वेडीवाकडी का होईना. मग जुन्या जागी उंबऱ्याशी बसलो आणि रिकाम्या स्वयंपाकघराला मोठ्यानं शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. सासू त्या वसतिगृहात पोचते. तोंडानं सांगायचा धीर होत नाही, म्हणून जेवणाऱ्यांच्या पंगतीत गुपचूप बसते. आमटीचा पहिला घास घेते आणि न राहवून बोलून जाते, "अगं बाई, आळणीच!" आत सुनेच्या हातातला डाव खाली पडतो. सून दारात येऊन उभी राहते. सासू ताट पुढे करून म्हणते, "वाढ अजून."

मी एकटाच मोठ्यानं हसलो. घर घाबरवणारं नव्हतं. शांत होतं, आणि ती शांतता मला परकी वाटली नाही.

सकाळी आक्काच्या मुक्कामावर हे प्रकरण वाचलं तेव्हा आक्काची सून हसून हसून लोळली आणि आक्का डोळे पुसत म्हणत राहिली, "पोचली बाई. पोचली एकदाची." तासाभरात घोड्यांवर सामान चढलं. निघताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि काठी टेकत कळपाच्या मागे चालू लागली.

पाडवा झाला, पण मी चाकणला गेलो नाही. मुलाला सांगितलं, सणावाराला येत जाईन, राहीन मात्र इथंच. आता दुपारच्या जेवणानंतर दुकानात अर्धा तास वाचन असतं. मोटार घ्यायला आलेली माणसं मोटार तयार असली तरी बसून राहतात. संध्याकाळी मी घरी एकटाच वाचतो, कधी मोठ्यानं, कधी मनात. मनातही वाचता येतं, हे या वयात नव्यानं शिकलो. लिहिणारा कोण कुठला, कधीचा, पण त्यानं त्याच्या एकटेपणात बसून लिहिलेलं माझ्या एकटेपणात येऊन पोचतं, आणि मग आम्ही दोघंही एकटे राहत नाही.

मी देवाकडे काहीतरी सोडून द्यायला गेलो होतो. सोडायचं काय, ते मात्र मी ठरवलं होतं, आणि तिथंच माझं चुकलं. त्यानं नारळ घेतला, गूळ घेतला, माझा हट्ट घेतला, आणि जे माझं होतं ते मला परत दिलं. आता काही मागत नाही मी. सकाळी दिवा लावताना त्याच्याशी चार शब्द बोलतो, काल काय वाचलं ते सांगतो. तो ऐकतो.