नानांच्या शेडमधले टॅपेट

इंजिनातलं ऑईल ठरलेल्या वेळी काढून टाकता येतं, किस्स्यांना तशी सोय नाही. ते साचतच जातात. आमचे तर इतके साचलेत, की रविवारी एकाने तोंड उघडलं तर बाकीचे शेवट आधीच सांगून मोकळे होतात.

हडपसरला नानांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे त्यांचं उसाचं रान होतं, आता तिन्ही बाजूंनी सोसायट्या. दर रविवारी सकाळी आम्ही तिथे जमतो. नाना, सीट कव्हरचं दुकान असलेले सलीमभाई, आयटीतली मानसी आणि मी. प्रत्येकाकडे एक जुनी जीप. ती डोंगरात चिखलात घालायची आणि मग रविवारी निस्तरत बसायचं. माझ्याकडे नानांच्या घरून काकूंनी केलेला चहा शेडपर्यंत न सांडता आणण्याचं खातं आहे.

*

मानसी पहिल्यांदा आली तेव्हा एकदम खुशीत होती. तिच्या जीपचं इंजिन टकटक वाजत होतं. तिने व्हिडिओ बघून घरीच टॅपेट आवळले आणि आवाज बंद केला!

नानांनी बॉनेटशी कान नेला. "आवाज गेला," ते म्हणाले. "आता वॉल्वबी जाईल."

मग त्यांनी समजावलं. वॉल्व आणि त्याला दाबणारा दांडा, म्हणजे टॅपेट, यांच्यात बारीकशी फट लागते. इंजिन तापलं की लोखंड पसरतं. फटच ठेवली नाही तर वॉल्व नीट मिटत नाही, आणि जळतो.

"थोडं वाजल्यालं बरं, पोरी. गप इंजिनाची भीती हाय."

"आमच्या घरीही तसंच आहे," सलीमभाई म्हणाले. "मिसेस गप्प बसली की मी दुकान लवकर बंद करतो."

*

टॅपेट सेट करायचे तर इंजिन पूर्ण गार हवं. म्हणून नाना शनिवारीच जीपची किल्ली खिशात टाकायचे. एकदा विसरले. नेमके जावई आले होते. सकाळी उठून कौतुकाने जीप घेऊन दूध आणायला गेले, आणि येताना हौसेने लोणी काळभोरपर्यंत चक्कर मारून आले.

आम्ही पाने घेऊन उभे. बॉनेटवर हात ठेववत नव्हता.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करता? जावई हायेत. चहा पाजा."

इंजिन गार होईपर्यंत पोहे झाले, जेवण झालं, सलीमभाईंची झोप झाली. जावई अजूनही येतात. दूध आणायला पायी जातात.

*

फटीत घालून किती अडकते ते बोटांनी जोखायची पोलादी पट्टी असते, तिला फीलर गेज म्हणतात. एकदा डोंगरात इंजिन नीट चालेना आणि गेज राहिलं घरी. इंजिन गार होईपर्यंत नानांनी सगळ्यांचे खिसे तपासले. शेवटी सलीमभाईंचं व्हिजिटिंग कार्ड फटीत घातलं, मागेपुढे ओढून पाहिलं आणि त्याच्यावर वॉल्व सेट केले. जीप घरी आली.

"इतक्या वर्षांत हे कार्ड पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलं," सलीमभाई म्हणाले.

पुढे त्यांनी हौसेने जाड, चकचकीत कार्डं छापून आणली. नानांनी एक घेतलं, दोन बोटांत चोळलं आणि परत दिलं.

"ढिल्लं राहील," म्हणाले.

*

दिवाळीनंतर नानांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय हळूहळू आला. उजव्या हाताची बोटं हलायची, पण त्या बोटांना स्पर्श कळायचा नाही. विश्रांतवाडीहून फिजिओ यायचा, रबरी चेंडू दाबायला द्यायचा. नाना चेंडूकडे बघायचेसुद्धा नाहीत. मुलाने एकदा दबकत विचारलं, जीप काढून टाकायची का. नाना काहीच बोलले नाहीत. आम्हाला खरी भीती त्याचीच वाटली.

काकूंनी फोन केला. "अहो, रविवारी येत जा. ते नाही म्हणतील, तरी या."

आम्ही गेलो. नानांना खुर्चीवर बसवून त्यांच्याच जीपचं झाकण उघडलं. मानसी टॅपेट सेट करायची, मग सलीमभाई गेज नानांच्या उजव्या हातात द्यायचे आणि एकेका फटीत सरकवायला लावायचे. त्यात आमची एक लबाडी होती. एक वॉल्व आम्ही मुद्दाम किंचित टाईट ठेवायचो. नाना आठही वॉल्व बघायचे आणि म्हणायचे, "ठीक हाय." ते घरात गेले की मानसी मुकाट्याने तो ढिला करायची. असे बरेच रविवार गेले. दर वेळी घरी जाताना जीव नकोसा व्हायचा.

गेल्या रविवारी आम्ही तिसरा टाईट ठेवला होता. नानांनी पहिला बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्यावर हात थांबला. पट्टी मागे ओढली, परत घातली.

"मानसी, ह्यो टाईट हाय."

चहाचा ट्रे माझ्या हातात होता. त्या दिवशी तो सांडला. सलीमभाई उगाचच फडक्याने स्वच्छ पाना पुसत बसले.

नानांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते पुढे सरकले होते. चौथा झाला. पाचव्यावर पुन्हा थांबले.

"आन् ह्योबी."

मानसीने गेज घेऊन पाचवा पाहिला. पट्टी अडकत होती. तिने सलीमभाईंकडे पाहिलं, सलीमभाईंनी माझ्याकडे.

पाचवा आम्ही मुद्दाम ठेवलेला नव्हता.

"बघत काय बसलाय?" नाना म्हणाले. "पाना द्या इकडं."