गोदाबाईच्या राहिलेल्या तीन सुया

...तर अकरा सुया पोटात घेऊन झाल्या, अन् बाराव्या दिवशी सकाळी गोदाबाई खाटेवरून उतरायला गेली तर पाय आलेच नाहीत. कंबरेखाली आपलं काही आहे, हेच तिला कळेना.

काल जे इथं बसल्या बसल्या डुलक्या घेत होते, त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. गोदाबाई म्हणजे माझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून ज्याचं वावर, त्या चंद्रभानची बायको. गाव परतवाड्याच्या अलीकडं, साल अठ्ठावन्न. कापूस वेचावा तर तिनंच. दोन बाया मिळूनही तिच्या पुढं जात नसत. पहिल्या वेचणीआधी आम्ही कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवतो, त्या सीतादहीच्या दिवशी ती ताट घेऊन वावरात गेली. पऱ्हाटीच्या, म्हणजे मागच्या सालच्या वाळल्या कपाशीच्या काड्यांच्या ढिगाआडून एक कुत्रं आलं अन् तिच्या पायाची पिंडरी फोडून पळालं. चंद्रभाननं तिला गाडीत घातलं, तिथून मोटारीनं अमरावती. इकडं गाव काठ्या घेऊन निघालं अन् संध्याकाळपर्यंत कुत्रं मारून पुरूनही मोकळं झालं.

दवाखान्यात रोज एक अशा चौदा सुया ठरल्या. राजापेठेत मावसबहिणीकडं मुक्काम, तिथून रोज पायी जायची. अन् आता हे.

मी ज्वारीचं पीठ पोचवायला गेलो होतो, म्हणून समोर हजर. गोपाळकृष्ण नावाचा तरणा डॉक्टर. त्यानं तळपायाला टाचणी टोचली, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, अन् आम्हाला बाजूला घेतलं.

"ही लस मेंढीच्या मेंदूतून बनते. आपल्या अंगात राखणदार असतात. परकं काही शिरलं की ते धावून जातात. मेंढीचा मेंदू त्यांनी परका म्हणून ओळखला, ते ठीकच. पण माणसाचा मेंदूही बराचसा तसाच. हजारात एखाद्याचे राखणदार मग घरच्याच मेंदूवर, पाठीच्या कण्यातल्या दोरीवर तुटून पडतात. तिथं सूज येते."

आता मी चौथी शिकलेला माणूस. शाळेत मेंदू म्हणजे डोक्यात भरलेलं काहीतरी, एवढंच गुरुजींनी सांगितलेलं. अन् हा सांगतो की माणसाच्या आत पहारा आहे, त्याला डोळा नाही तरी ओळख आहे, मालकाला न विचारता तो लढतो अन् चुकतोसुद्धा! माझ्या हातावर काटा आला. आपण जेवतो, झोपतो, भांडतो, अन् आत हे चाललेलं! खरं सांगतो, त्या दिवसापासून मी स्वतःच्या हातालाही जरा मान देऊन बघतो.

डॉक्टर म्हणाले, "सुया चालू ठेवल्या तर सूज वर चढेल, श्वास अडेल. थांबवल्या अन् कुत्रं पिसाळलेलं असेल, तर मग जगात औषध नाही. चावल्यावर दहा दिवस ते ठणठणीत राहिलं असतं, तर मी आत्ता थांबवलं असतं. कुत्रं कुठंय?"

"मारलं ना साहेब," चंद्रभान म्हणाला. "काळं, हे एवढं मोठं!"

खाटेवरून आवाज आला, "काळं? मले तं भुरी कुत्री चावली. कान तुटेल, अर्धाच."

चंद्रभान खाटेकडं वळला. "अरे बापा! मंग मारलं कोनाचं?"

आम्ही दोघं मिळेल त्या मोटारीनं गावात. दारोदार विचारलं, जो तो म्हणे पाहिली नाही. शेवटी मैनाबाई म्हातारीच्या गोठ्यातून कुईकुई ऐकू आली. भुरी, तुटक्या कानाची, पोटाशी चार पिल्लं.

"मारसान तिले," म्हातारी दारात आडवी झाली. "तिची पिल्लं होती ढिगाआड. ताट घेऊन बाई तिथंच गेली, तं चावन नाही तं का ओवाळन?"

"मावशी, मारत नाही," चंद्रभान म्हणाला. "तिच्याच्यानं माणूस वाचते!"

वासराची मुसकी कुत्रीच्या तोंडाला बांधली अन् पिल्लांसकट टोपल्यात घेऊन दुसऱ्या दिवशी मोटारीत चढलो.

कंडक्टर म्हणाला, "हे काय आणून राहिले?"

"साक्षीदार आहे," चंद्रभान म्हणाला.

"अन् हे चार?"

"तिचे वकील."

डॉक्टरांनी कुत्रीला पाणी पाजलं, भाकर टाकली, चालवून पाहिलं. तिनं भाकर खाल्ली अन् त्यांच्या बुटाजवळ अंग टाकून दिलं. त्यांनी त्याच क्षणी सुया बंद केल्या अन् सूज उतरवणाऱ्या, तेव्हा नवीनच निघालेल्या गोळ्या चालू केल्या. सतराव्या दिवशी गोदाबाईच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. एवढासा अंगठा, पण सगळा वॉर्ड बघायला जमला! राखणदार एकेक करून माघारी वळत होते, अन् ते आम्हाला त्या अंगठ्यात दिसत होतं. संक्रांतीला ती काठी टेकत दवाखान्याच्या दाराबाहेर आली.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "गोदाबाई, कुत्रीचा रंग पहिल्याच दिवशी का नाही सांगितला?"

ती म्हणाली, "मले इचारलं कोनं? सारे काठ्या घेऊन धावले, जिले चावली तिच्यापाशी कोनी थांबलंच नाही."