परवाना आला आणि जावळ निघालं

नर्सिंगच्या वर्गातल्या माझ्या मैत्रिणींनो, आज उत्रोलीला सासरी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. नैरोबीच्या दवाखान्यातल्या नोकरीचा दोन वर्षांचा परवाना सकाळी टपालाने आला.
२. त्यात यजमान आणि दोन्ही मुलांनाही मंजुरी आहे.
३. दुपारी धाकट्याचं जावळ काढलं.

माझ्या लेखी तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. "जावळाबिगर पोर समिंदर वलांडनार न्हाई," असं सासूबाईंनी बजावलं होतं, आणि जावळाचा विषय निघाला की त्या उठून जात. नातू जाऊ नये म्हणून हे चाललं होतं. मुलांना मागे ठेवून मी जाणार नव्हते.

आज परवाना वाचून दाखवला.  दोनच वर्षांचा प्रश्न आहे हे कळल्यावर सासूबाईंनी स्वतःच न्हाव्याला आणि भोरहून माझ्या भावाला बोलावणं धाडलं. "मामाच्या मांडीबिगर जावळ व्हतंय व्हय? आजचा दिस बरा हाय."

यजमान म्हणाले, "आये, तूबी चल की!"

"मी? आन म्हशीची धार कोन काडंल, तुजी मडम?"

सगळे हसलो. मी तर जरा जास्तच.

आता एकच अडचण. पासपोर्टाच्या फोटोत धाकट्याचे केस मानेपर्यंत आहेत आणि आज डोकं तुळतुळीत. तुमच्यापैकी कुणी मुलांना घेऊन बोटीने गेलं आहे का? तोच फोटो चालतो की नवा लागतो? शुक्रवारी आम्ही चौघं मुंबईला निघतो. कृपया गुरुवारपर्यंत उत्तर पाठवा.