आमचा ब्लॉक कंट्रोलमध्ये

मागच्या हिवाळ्यात माझी जी फजिती झाली, ती माझ्याच तोंडून ऐका. सूनबाई सांगते तेव्हा तिखटमीठ लावून सांगते.

राजधानीत मयूर विहारला आमची सोसायटी. मी सरकारी गाडी चालवून निवृत्त झालो; शिक्षण बेताचंच. हिवाळ्यात इथल्या हवेने माझ्या नातीची छाती घरघरते. म्हणून एक डॉक्टरीणबाई हवा साफ करणाऱ्या मशीनचं संशोधन घेऊन आल्या, तेव्हा रहिवाशांच्या सल्लागार समितीत मी बसलो. मशीन उपयोगी ठरलं तर पुढे घरोघरी मिळणार होतं.

बाई म्हणाल्या, "ए ब्लॉक में मशीन लगेगी. अंकलजी, आपका बी ब्लॉक कंट्रोल में रहेगा. समझ गए ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जरा जास्तच डोलावली. कंट्रोल माझ्याकडे आला होता. माणूस बरोबर निवडला, असं वाटलं.

लगेच कामाला लागलो. जिन्यातली विडी बंद. उदबत्ती बंद. शेजारच्या शर्माजींची गॅलरीतली शेगडी बंद.

"किसने बोला?" शर्माजींनी विचारलं.

"डॉक्टर ने. कंट्रोल मेरे पास है."

"पकोडे भी बंद?"

"पकोडे सबसे पहले."

घरी सूनबाई म्हणाली, "बाबा, फोडणीशिवाय वरण?"

"पोरीच्या छातीसाठी."

तिने मोहरीचा डबा परत फळीवर ठेवला. मला वाटलं, पटलं.

हिवाळा सरल्यावर बाई घरी आल्या. चेहरा उतरलेला. आमच्या बिनमशीनच्या ब्लॉकची हवा मशीनवाल्या ब्लॉकइतकीच साफ निघाली होती. म्हणजे मशीनचा फायदा दिसेना. फायदा नाही, तर मशीनही नाही.

मी मिशीवरून हात फिरवला. "हमने कंट्रोल एकदम टाइट रखा था."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अंकलजी, कंट्रोल का मतलब, जैसे रोज़ रहते हैं वैसे ही रहना. कुछ करना ही नहीं था."

नातीचं मशीन मीच घालवलं होतं. मान खाली गेली.

"गलती मेरी है," बाई म्हणाल्या. "समझ गए, ये पूछा. क्या समझे, ये नहीं पूछा. अगली सर्दी में फिर से करेंगे. बस, आप कुछ मत कीजिएगा."

सूनबाई चहा ठेवता ठेवता थांबली. "मॅडम, कुछ ना करना इनसे नहीं होगा. इन्हें ए ब्लॉक में शिफ्ट कर दीजिए."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.