झुलाल आबाचं दमणीतून जाणं

माणसानं मरावं, त्याला कोणाची ना नाही. पण गावाला वैताग आणून मरू नये. झुलाल आबानं मरायच्या आधी कित्येक वर्षं गावाला वैताग आणला, आणि सगळ्यांत जास्त आणला तो आपल्या बायकोला, भिकुबाईला.

आमचं गाव धरणगावच्या अलीकडं, कपाशीच्या काळ्या रानात. पावसाळ्यात तिथं सायकलसुद्धा रुतून बसे, उन्हाळ्यात माथा भाजे. म्हणून नवी नवरी असो की माहेरवाशीण, गावात येई ती आबाच्या दमणीत. दमणी म्हणजे छताची हलकी बैलगाडी. निळा रंग, आत गोधडी, बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा. गावातल्या निम्म्या बाया सासरी आल्या त्या हिच्यातूनच. आबाला मूलबाळ नव्हतं, जमीन नावापुरती. दमणी हीच दोघांची भाकर.

एका पोळ्याला बैलांची शिंगं रंगवता रंगवता आबा म्हणाला, "मी मरसू तवय माले तिरडीवर नही लई जावानं. मी मन्ही दमणीमाच जासू."

भिकुबाई खापरावर मांडा टाकत होती. "सणना दिन शे. तोंड इटाळू नका."

"तिरडीले चार खांदा लागतस. ते भाऊबंदसना. भटू खांदा दी, अन् मंग तुले जलमभर बोली दाखाडी."

भटू म्हणजे आबाचा पुतण्या. बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

इथवर ठीक होतं. पण आबाला त्याचा नादच लागला. आज म्हणे छताला आंब्याचं तोरण पाहिजे. उद्या म्हणे बायांनी हेल काढून रडायचं नाही, सनईवाला लावायचा. परवा म्हणे तेराव्याला बुंदी नको, भरीत अन् कळण्याची भाकर घाला, लोक मनापासून जेवतील. पारावर बसून हे सगळं तो ऐकवी, आणि लोक येऊन भिकुबाईला विचारत, "काय व काकू, वांगा कोन्ता लेवाना?"

"आमना घर मानूस रोज मरस," ती चुलीत लाकूड कोंबत म्हणे, "पन एक डाव पुरा मरत नही."

एकदा ती रानातून चाऱ्याचा भारा घेऊन आली, तर दारात दमणी, आणि दमणीतून दोन पाय बाहेर लोंबताहेत. भारा टाकून तिनं जो टाहो फोडला, त्यानं अर्धी गल्ली गोळा झाली. शेजारच्या वनानं तर गोवऱ्या काढायला माणूसही धाडला. तेवढ्यात आबा आतून उठून बसला आणि जमलेली माणसं मोजू लागला.

"बठ्ठा उनात का? भटू नही दिखत?"

शालिग्राम सुतार चाकाआडून हळूच निघाला. आबानं माप घ्यायला बोलावलं होतं. पाय मावत नव्हते, म्हणून मागं फळी वाढवायची होती. "तरी सांगी ऱ्हायनू," तो म्हणाला, "मुडदानी फळी मी नही ठोकस."

लोक हसत गेले. भिकुबाई मात्र हसली नाही. ती आबाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "तुमी जाशात. मंग या दमणीमा कोन बठी? मुडदा नेयेल गाडीमा कोन आपली नवरी आनी? मी काय खासू, घुंगरू?"

तोरणाचा विचार आबानं केला होता, भाकरीचा नव्हता. मग तो दारोदार विचारत फिरू लागला, "मी गयावर तुमी दमणीमा पोरी बठाडशात ना?" लोक म्हणत, बठाडसू, बठाडसू. एकटा वना खरं बोलला, "आबा, तू मर तं खरं. मंग देखू."

माघात कपाशीचा शेवटचा वेचा चालू होता, तेव्हा आबा गेला. खोकला, वळला आणि गेला. भटू बांबू घेऊनच आला. त्याच्यामागं भाऊबंद. भिकुबाई उंबऱ्यात बसून होती. तिनं बांबूकडं पाहिलं, दमणीकडं पाहिलं आणि भटूला वाट दिली. तिरडीवर नेलं तर दमणी वाचत होती. गेलेल्या माणसाला काय कळतं!

तेवढ्यात भटू बांबू आपटत म्हणाला, "आमना खांदा शे म्हनीसन निभी ऱ्हायनं, काकू. आमी नसतू तं काय करती?"

मढं अजून घरातून बाहेर निघालं नव्हतं.

भिकुबाई उठली. "दमणी जुपा."

एकच गलका झाला. वनानं कासरा धरला, तर बैल हलेनात. त्यांना हात ठाऊक होते दोघांचेच. एक हात आत थंड पडलेला. भिकुबाई पदर खोचून पुढं चढली.

"बाईमानूस मसनमा?" भटू ओरडला.

"मंग तू हाक."

भटूला ते जमणार नव्हतं. आबाचे पाय बाहेर लोंबत होते, ते चाकाला घासू नयेत म्हणून कोणीतरी धरायला हवे होते. भटूनंच धरले. चुलत्याचे पाय हातात घेऊन तो पूर्ण वाट मागं चालला.

मारुतीपाशी बैल थांबले. नवरी आली की तिथं नारळ फुटे आणि बैलांना गूळ मिळे. भिकुबाईनं कासरा ओढला, शेपट्या पिळल्या.

"अरे मुडदास्वन, नवरी नही शे आज!"

बैल ढिम्म. शेवटी देवळाशेजारचा वाणी रुपचंद गुळाचा खडा घेऊन दुकानातून उतरला. "मयतमा गूळ! जलममा नही देखा," म्हणत त्यानं बैलांना चारला, तेव्हा मढं पुढं सरकलं.

मग व्हायचं तेच झालं. लग्नसराई आली, लोकांनी दुसऱ्या गावाची दमणी आणली. भिकुबाईनं गोमूत्र शिंपडलं, रंग दिला, गोधडी बदलली. कोणी फिरकेना. बैल खुंट्याला उभे. ती खुंटीवरच्या आबाच्या टोपीला शिव्या घाली, "गयात तं गयात, मन्ही भाकर बी लई गयात."

आखाजी तोंडावर आली. लेकी माहेरी आणायचा सण. एका सकाळी भटू अंगणात येऊन उभा राहिला, नजर जमिनीत.

"काकू, बेबीले लेवाले जावानं शे."

बेबी त्याची लेक, गिरणा नदीपलीकडं दिलेली, दिवस गेलेली.

"तुन्ही गाडी शे ना?"

"उघडी शे. तिना निरोप उना, 'इतला उनमा मी उघडी गाडीमा भाजाई जासू. आबानी दमणी धाडा, नही तं मी येस नही.'"

"मुडदानी दमणीमा? पोटुशी पोर?"

"मी बी तेच सांगं. म्हने, मुडदाले ऊन लागनं नही, माले लागस."

भिकुबाईनं त्याला वर ये म्हटलं नाही. बैल जुंपले आणि गेली.

संध्याकाळी दमणी गावात शिरली. बैल मारुतीपाशी थांबले. रुपचंद कुरकुरत गूळ घेऊन उतरला. पारावरचे लोक उठून बघू लागले. बेबी आत आडवी होऊन घोरत होती. आबाच्याच घराण्यातली लांबडी पोर, पाय बाहेर.

वना पारावरून उतरला. दमणीला एक चक्कर मारली. "काकू, मन्ही पोरनं लगीन शे. दमणी मोकळी शे का?"

"सांगसू," भिकुबाई म्हणाली, आणि मागं वळून खेकसली, "पाय मझार ले व माय! या घरना लोकेसले पाय आवरतच नहीत."